नवजात अर्भकांची औषधे आणि मेंदूचा विकास

जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांत अर्भकाला दिल्या जाणाऱ्या औषधांचा त्याच्या वाढत्या मेंदूवर होणारा परिणाम हा नवजातशास्त्र, औषधशास्त्र आणि चेताविज्ञान या तीन शाखांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या बाबतीत हा काळ २८ दिवसांवर संपत नाही. प्रसूतीची अपेक्षित तारीख उलटून काही आठवडे जाईपर्यंत त्यांचा मेंदू नवजाताचाच समजला जातो. या काळात दिलेली काही औषधे मेंदूला इजा करतात, काही त्याचे रक्षण करतात, तर काही औषधे मात्रा, वेळ आणि कालावधी यांनुसार दोन्ही कामे करतात. औषधाचा ताबडतोब दिसणारा गुण आणि मेंदूवरील दूरगामी परिणाम या दोन निराळ्या गोष्टी आहेत, ही या विषयातील मध्यवर्ती अडचण होय. बाळ शांत झाले, आकडी थांबली, श्वासयंत्र काढता आले, हे काही तासांत किंवा दिवसांत दिसते. बुद्धी, भाषा, चालणे आणि श्रवण यांचा हिशोब लागायला मात्र दोन ते दहा वर्षे जातात.

जन्मकाळचा मेंदू

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूचे वजन जन्मतः साधारण ३५० ते ४०० ग्रॅम, म्हणजे प्रौढ मेंदूच्या सुमारे एक चतुर्थांश असते. दोन वर्षांत ते प्रौढ वजनाच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास पोहोचते. बहुतेक चेतापेशी जन्मापूर्वीच तयार झालेल्या असतात. जन्मानंतर त्यांच्यातील जोडण्या, म्हणजे अनुबंध, झपाट्याने वाढतात, निरुपयोगी जोडण्या गळून पडतात आणि चेतातंतूंवर मेदाचे आवरण चढत जाते. नको असलेल्या पेशी ठरलेल्या क्रमाने नाहीशा होणे हाही या घडणीचाच भाग आहे. एखादे औषध या नैसर्गिक छाटणीचा वेग वाढवते किंवा ती नको तिथे घडवून आणते, ही या क्षेत्रातील एक मुख्य शंका होय.

गर्भावस्थेचा २८वा ते ४०वा आठवडा हा मेंदूच्या बाह्यकाच्या वाढीचा अत्यंत वेगवान काळ असतो. सातव्या महिन्यात जन्मलेले, आपल्याकडे ‘सातमाशे’ म्हटले जाणारे बाळ हा सारा काळ गर्भाशयाऐवजी काचेच्या पेटीत, दिव्यांच्या उजेडात, सुयांच्या टोचण्यात आणि औषधांच्या सोबतीने काढते. त्यामुळे औषधांच्या परिणामाचा प्रश्न त्याच्यासाठी सर्वांत तीव्र असतो.

आणखी एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. प्रौढ मेंदूत ‘गॅबा’ हे रसायन चेतापेशींना शांत करते. नवजात मेंदूत, पेशींमधील क्लोराइडचे प्रमाण जास्त असल्यामुळे, तेच रसायन पुष्कळदा पेशींना उत्तेजित करते. मोठ्यांची आकडी थांबवणारी अनेक औषधे गॅबाच्या मार्गानेच काम करतात; नवजातात ती अपुरी का पडतात, याचे एक कारण येथे मिळते.

औषधाचे शरीरातील वर्तन

नवजात बाळ म्हणजे प्रौढाची लहान प्रतिकृती नव्हे. त्याच्या शरीरात पाण्याचे प्रमाण सुमारे ७५ टक्के, रक्तातील अल्ब्युमिन कमी, यकृतातील विकरे अर्धवट जागी झालेली आणि मूत्रपिंडांची गाळणक्षमता मंद असते. परिणामी मोठ्यांच्या शरीरातून काही तासांत निघून जाणारे औषध बाळात दिवसचे दिवस रेंगाळते. वजनाच्या प्रमाणात मात्रा कमी केली की झाले, हा समज किती महाग पडू शकतो हे १९५९ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाने दाखवून दिले. नवजातांच्या यकृताला ते निकामी करता येत नव्हते. बाळे राखाडी पडून दगावली आणि त्या अवस्थेला ‘राखाडी बाळ’ असेच नाव पडले.

रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर नवजातात मुळीच नसतो, असे पूर्वी मानले जाई. ते खरे नाही. पेशींमधील घट्ट सांधे गर्भावस्थेतच तयार होतात. मात्र मेंदूत शिरलेली द्रव्ये बाहेर ढकलणारी प्रथिने पुरेशी तयार झालेली नसतात. शिवाय आजारपण, गुदमरणे आणि जंतुसंसर्ग यांनी हा अडसर आणखी सैल पडतो. म्हणजे ज्या बाळाला औषधाची गरज सर्वांत जास्त, त्याच्याच मेंदूत ते सर्वांत सहज पोहोचते.

बाळागोळी

महाराष्ट्रात या विषयाचा इतिहास रुग्णालयाच्या आधी गिरणगावात सुरू होतो. तान्ह्या मुलांना अफू देण्याची चाल पश्चिम भारतात जुनी होती. मुंबईच्या कापड गिरण्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने कामाला लागल्यावर तिला नवे कारण मिळाले. पहाटे कामावर निघालेली आई तान्ह्याला चाळीतील खोलीत ठेवून जाई आणि ती परत येईपर्यंत ते निजून राहावे म्हणून त्याला अफूची लहानशी गोळी दिली जाई. हीच ‘बाळागोळी’. मुंबई सरकारने गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतीविषयक स्थितीच्या चौकशीसाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांचा अहवाल १९२२ मध्ये सरकारच्या ‘लेबर गॅझेट’मध्ये प्रसिद्ध झाला. औद्योगिक कामगार स्त्रियांच्या सुमारे ९८ टक्के अर्भकांना अफू दिली जात असल्याचे त्यात म्हटले होते.

अफूतील मॉर्फिन नवजाताच्या मेंदूत सहज शिरते आणि श्वसनाचे केंद्र मंद करते. श्वास उथळ झाला की रक्तातील प्राणवायू घटतो, आणि त्याची झळ सर्वप्रथम मेंदूला बसते. दुसरा परिणाम सावकाश होतो. गुंगीतले बाळ रडत नाही, म्हणून दूध मागत नाही. बद्धकोष्ठ होते, वजन वाढत नाही. पहिल्या वर्षातील कुपोषण डोक्याचा घेर आणि मेंदूची वाढ या दोन्हींना आवर घालते. सततच्या सेवनाने शरीर अफूला सरावते आणि ती थांबवली की बाळ थरथरते, किंचाळते, त्याला जुलाब होतात. ते पाहून घाबरलेली आई पुन्हा गोळी देते. आज अफूजन्य औषधांच्या अधीन असलेल्या मातांच्या बाळांत जी लक्षणे नवजात कक्षात दिसतात, तीच ही लक्षणे होत.

या मातांना दोष देऊन भागणार नाही. गोळी बाळाच्या दुखण्यावर नव्हतीच. ती दहा तासांच्या पाळीवरचा, पाळणाघर नसण्यावरचा आणि रजा नसण्यावरचा उपाय होती. म्हणून तिचा उताराही औषधशास्त्राने नव्हे, तर कायद्याने आणि सोयींनी दिला. मुंबई प्रांतात १९२९ मध्ये प्रसूती लाभ कायदा झाला, पाठोपाठ १९३० मध्ये नागपूर ही राजधानी असलेल्या मध्य प्रांतानेही तसा कायदा केला. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये कामगारकल्याणाच्या योजनांत पाळणाघराचा समावेश झाला होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने अधिनियमाने ठरावीक संख्येहून अधिक स्त्रिया कामावर असलेल्या कारखान्यांत पाळणाघर बंधनकारक केले. ‘अफूची गोळी’ हा शब्दप्रयोग मराठीत आता केवळ लाक्षणिक अर्थाने उरला आहे.

रुग्णालयांतील चुका

विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांची स्वतंत्र शुश्रूषा सुरू झाली आणि तिच्याबरोबर नव्या औषधांच्या चुकाही आल्या. न्यूयॉर्कमधील विल्यम सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये दोन प्रतिबंधक प्रतिजैविक योजनांची तुलना प्रसिद्ध केली. सल्फिसॉक्साझोल हे सल्फा औषध मिळालेल्या गटात मृत्यू अधिक झाले आणि शवविच्छेदनात मेंदूची केंद्रके पिवळी पडलेली आढळली. कारण नंतर उलगडले. काविळीचे बिलिरुबिन रक्तात अल्ब्युमिनला चिकटून राहते, तोवर ते मेंदूत जात नाही. सल्फाने त्याची जागा बळकावली आणि मोकळे झालेले बिलिरुबिन मेंदूत उतरले. रक्ततपासणीत कावीळ फारशी वाढलेली दिसत नव्हती. उलट कमीच भासे. सेफ्ट्रिॲक्सोन हे प्रतिजैविकही याच कारणासाठी कावीळ असलेल्या नवजातांत टाळले जाते.

फ्रान्समध्ये १९७२ साली बाळांच्या अंगाला लावण्याच्या पावडरीत उत्पादनातील चुकीमुळे हेक्झाक्लोरोफीन हे जंतुनाशक सहा टक्क्यांहून अधिक प्रमाणात मिसळले गेले. ते कोवळ्या त्वचेतून शोषले जाऊन मेंदूच्या श्वेतद्रव्याला सूज आली आणि ३६ बालके मृत्युमुखी पडली. नवजाताच्या बाबतीत ‘वरून लावायचे’ म्हणजे निर्धोक असे समजता येत नाही, हे या घटनेने दाखवले.

स्टेरॉइडे

डेक्सामेथासोनची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. अपुऱ्या दिवसांची बाळे श्वासयंत्रावर अडकून पडत. हे औषध दिले की फुप्फुसांची सूज उतरे आणि काही दिवसांत यंत्र काढता येई. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्याचा वापर म्हणूनच फार वाढला. मग पाठपुराव्याचे निष्कर्ष येऊ लागले. तैवानमधील चाचणीतील १४६ मुलांची शालेय वयात तपासणी करून २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, जन्मल्याबरोबर डेक्सामेथासोन मिळालेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यंक सुमारे ७८, तर न मिळालेल्यांचा ८४ आढळला. त्यांची उंची आणि डोक्याचा घेरही कमी भरला. मेंदूचा पक्षाघात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, पहिल्या आठवड्यात हे औषध मिळालेल्या मुलांत अधिक असल्याचे इतर अभ्यासांतही दिसले होते. त्यापूर्वीच २००२ मध्ये अमेरिका आणि कॅनडा येथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी त्याच्या सरसकट वापराविरुद्ध संयुक्त निवेदन काढले.

आज हे औषध बाद झालेले नाही. यंत्रावरून सुटण्याची शक्यताच मावळलेल्या बाळाला अल्प मात्रेत, थोडे दिवस, उशिराने ते दिले जाते. कारण महिनोन्‌महिने यंत्रावर राहणेही मेंदूला घातकच असते. अल्प मात्रेतील हायड्रोकॉर्टिसोनवर फ्रान्समध्ये झालेल्या चाचणीत दोन वर्षांच्या वयापर्यंत मेंदूच्या विकासात लक्षणीय हानी दिसली नाही. मुदतपूर्व प्रसूतीचा धोका असलेल्या मातेला देण्यात येणारी स्टेरॉइड इंजेक्शने हा वेगळा विषय आहे. त्यांची या औषधयोजनेशी गल्लत करू नये.

आकडीवरील औषधे

नवजातातील आकडी बहुधा मेंदूला झालेल्या इजेचे लक्षण असते: जन्मताना गुदमरणे, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, साखर किंवा कॅल्शियम उतरणे. आकडी स्वतःही मेंदूला अपाय करते. तिच्यावरचे पहिले औषध आजही फेनोबार्बिटोन हेच आहे. २००२ मध्ये सात दिवसांच्या उंदरांवरील प्रयोगांत फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन, डायझेपाम आणि व्हॅल्प्रोएट यांनी वाढत्या मेंदूत पेशीमृत्यू घडवल्याचे आढळले आणि मोठी खळबळ उडाली. मनुष्यांतील पुरावा इतका सरळ नाही. तापातील आकडी येणाऱ्या, ८ ते ३६ महिन्यांच्या मुलांच्या एका अमेरिकी चाचणीत (१९९०) दोन वर्षे फेनोबार्बिटोन घेतलेल्यांचा बुद्ध्यंक सरासरी आठ अंकांनी कमी भरला. ती मुले नवजात नव्हती हे खरे. पण औषध निष्कारण लांबवू नये, हा इशारा तेव्हापासून कायम आहे.

नव्या लेव्हेटिरासिटॅमचा पेशींवरील परिणाम प्राण्यांत सौम्य दिसला, त्यामुळे अनेक ठिकाणी डॉक्टर तिकडे वळले. परंतु २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत फेनोबार्बिटोनने ८० टक्के बाळांची आकडी २४ तास थांबवली, लेव्हेटिरासिटॅमने केवळ २८ टक्क्यांची. गॅबाचा उलटा परिणाम रोखण्यासाठी ब्युमेटॅनाइड वापरून पाहण्याचा युरोपातील प्रयत्न तर १४ बाळांनंतरच थांबवावा लागला. वाचलेल्या ११ पैकी तिघांची श्रवणशक्ती बाधित झाली होती.

येथेही दिसणारे आणि घडणारे यांत अंतर आहे. फेनोबार्बिटोन दिल्यावर हातापायांचे झटके थांबतात, पण मेंदूच्या विद्युत्‌आलेखात आकडी चालूच राहू शकते. म्हणून केवळ नजरेने ‘थांबली’ असे म्हणणे धोक्याचे असते. औषध किती दिवस द्यावे या प्रश्नाचे उत्तर २०२१ च्या एका अमेरिकी अभ्यासाने बरेच स्पष्ट केले. तीव्र आजारातून आकडी आलेल्या ३०३ मुलांत, घरी जाण्यापूर्वी औषध बंद केलेल्या आणि चालू ठेवलेल्या गटांच्या दोन वर्षांच्या वयातील विकासात फरक आढळला नाही. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनही आता, कारण तात्पुरते असल्यास, रुग्णालयातून सोडण्यापूर्वी औषध थांबवण्याकडे झुकते. हा निर्णय डॉक्टरांचा असतो. पालकांनी घरी परस्पर औषध बंद केल्यास आकडी उसळू शकते.

वेदना, गुंगी आणि भूल

नवजाताला वेदना नीट जाणवत नाहीत, असे वैद्यकात दीर्घकाळ मानले जात असे. १९८० च्या दशकापर्यंत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरील शस्त्रक्रियाही पुष्कळदा जुजबी भुलेवर होत. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्ड येथे हा समज खोडून काढला. हृदयाजवळील रक्तवाहिनी बांधण्याच्या शस्त्रक्रियेत फेंटॅनिल हे वेदनाशामक मिळालेल्या बाळांत तणावसंप्रेरके कमी वाढली आणि नंतरची गुंतागुंतही कमी झाली, असे त्यांनी १९८७ मध्ये दाखवले. वारंवारच्या अनावर वेदनांचा वाढत्या मेंदूवर परिणाम होतो, हे पुढील संशोधनाने पुष्ट केले.

मात्र याचा अर्थ श्वासयंत्रावरील प्रत्येक बाळाला मॉर्फिन द्यावे असा होत नाही. आनंद यांच्याच नेतृत्वाखालील, ८९८ अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या चाचणीत (२००४) आधीपासून सरसकट दिलेल्या मॉर्फिनने मेंदूतील रक्तस्राव किंवा मृत्यू कमी झाले नाहीत. आपल्याच पहिल्या शोधाला मर्यादा घालणारा निष्कर्ष संशोधकाने स्वतः मांडावा, हे विरळाच. मिडाझोलाम या गुंगीच्या औषधाविषयी तर नवजातांत, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांत, सावधगिरीचाच सल्ला दिला जातो. टाच टोचण्यासारख्या किरकोळ वेदनेसाठी आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरणे, अंगावर पाजणे किंवा साखरेच्या पाण्याचे थेंब देणे हे उपाय परिणामकारक आहेत.

पूर्ण भुलेविषयीची शंका १९९९ आणि २००३ मधील उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये, तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून अधिक किंवा वारंवार दिलेल्या भुलेविषयी इशारा दिला. दुसऱ्या बाजूस, हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या ७२२ अर्भकांची सात देशांतील चाचणी दिलासा देणारी ठरली. सुमारे एक तासाची सेव्होफ्लुरेनची भूल मिळालेल्या आणि जागेपणी केवळ कमरेखालचा भाग बधिर केलेल्या मुलांचे पाचव्या वर्षीचे बुद्ध्यंक जवळजवळ समान होते. आवश्यक शस्त्रक्रिया भुलेच्या भीतीने लांबवणे कोणीही सुचवत नाही.

प्रतिजैविके, श्रवण आणि गडचिरोली

जेंटामायसिन, ॲमिकासिन या गटातील प्रतिजैविके नवजात कक्षांत नित्य वापरली जातात. त्यांचा आघात मेंदूवर नव्हे तर अंतर्कर्णातील केशपेशींवर होतो. या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. पण ध्वनीच पोहोचला नाही तर मेंदूतील श्रवण आणि भाषेची क्षेत्रे पहिल्या वर्षांत नीट आकार घेत नाहीत, म्हणून हा विषय मेंदूच्या विकासाचाच ठरतो. रक्तातील औषधाची पातळी वाढणे, मूत्रपिंडे मंदावणे, फ्युरोसेमाइडसारखे लघवीचे औषध सोबत असणे यांनी धोका वाढतो. काही कुटुंबांत पेशींतील तंतुकणिकांच्या जनुकात असा बदल असतो की योग्य मात्रेनेही बहिरेपण येते. हा बदल केवळ आईकडून येतो. त्यामुळे ‘आजोळी इंजेक्शननंतर कुणाला ऐकू येईनासे झाले’ ही माहिती डॉक्टरांना सांगणे मोलाचे असते. इंग्लंडमध्ये अर्ध्या तासात ही जनुकीय तपासणी करणारे यंत्र नवजात कक्षात वापरून पाहण्यात आले असून त्याचा अहवाल २०२२ मध्ये आला.

हेच जेंटामायसिन विदर्भात एका वेगळ्या अर्थाने महत्त्वाचे आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९३ ते १९९८ या काळात घरच्या घरी नवजात बालसेवेचा क्षेत्रीय प्रयोग केला. ३९ गावांतील ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षित केलेल्या गावच्याच स्त्रियांनी घरोघरी बाळांची तपासणी केली. ऊब, स्तनपान आणि स्वच्छता पाहिली. रक्तातील जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच, पालकांच्या संमतीने, त्या जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि को-ट्रायमॉक्साझोलचे पातळ औषध देत. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले.

या दोन औषधांकडे पुस्तकी दृष्टीने पाहिले तर एक कानाला धोक्याचे आणि दुसरे सल्फा कुळातील, म्हणजे काविळीच्या बाळाला टाळावे असे. तरीही प्रयोगातील निवड योग्यच म्हणावी लागते. रुग्णालय कित्येक किलोमीटर दूर, रस्ता नाही, बाळ दूध ओढत नाही, अशा वेळी औषधाच्या धोक्याची तुलना निरोगी बाळाशी नव्हे, औषधाविना उरणाऱ्या बाळाशी करावी लागते. शिवाय नवजातातील जंतुसंसर्गातून मेंदूज्वर होतो, आणि त्यातून वाचलेल्या बाळांत बहिरेपण, आकडी व मतिमंदत्व यांचे प्रमाण मोठे असते. याउलट शहरी कक्षात, संसर्गाची केवळ शंका असताना सुरू केलेली आणि तपासणी निर्दोष आल्यावरही आठवडाभर ओढलेली प्रतिजैविके हा निव्वळ तोटा असतो.

मेंदूचे रक्षण करणारी औषधे

कॅफीन, म्हणजे चहा-कॉफीतील तेच द्रव्य, अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा थांबणारा श्वास चालू ठेवण्यासाठी दिले जाते. ५०० ते १,२५० ग्रॅम वजनाच्या २,००६ बाळांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत दीड ते पावणेदोन वर्षांच्या वयात सेरेब्रल पाल्सीचे प्रमाण ७.३ टक्क्यांवरून ४.४ टक्क्यांवर आले. पाचव्या वर्षी एकूण अपंगत्वातील फरक पुसट झाला, तरी हालचालींवरील नियंत्रणातील लाभ अकराव्या वर्षीही टिकून होता.

जन्मतः मांडीत दिले जाणारे ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन अनेक पालकांना अनावश्यक वाटते. या जीवनसत्त्वाअभावी होणारा उशिराचा रक्तस्राव २ ते १२ आठवड्यांच्या, केवळ आईच्या दुधावरील, वरकरणी निरोगी बाळांत होतो आणि तो पुष्कळदा मेंदूतच होतो. तेव्हा नकार देणाऱ्या पालकांना काय वाचवले जात आहे हे सांगितले जाणे आवश्यक आहे.

जन्मजात अवटु ग्रंथीची न्यूनता असलेल्या बाळाला पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू केल्यास त्याची बुद्धी बहुधा सर्वसामान्य राहते. काही महिन्यांचा उशीर झाल्यास झालेली हानी भरून येत नाही. जन्मतः ही बाळे निरोगीच दिसतात, म्हणून रक्ततपासणीशिवाय ती सापडत नाहीत. गोव्याने २००८ मध्ये राज्यपातळीवर अशी नवजात तपासणी सुरू केली होती. एवढ्या स्वस्त गोळीने एवढा मोठा लाभ होणारी उदाहरणे वैद्यकात थोडीच आहेत.

घुटी, बाळकडू आणि सुवर्णप्राशन

‘बाळकडू’ हा शब्द आज लहानपणीच्या संस्कारांसाठी वापरला जातो. मूळ अर्थ तान्ह्याला पाजायचे कडू औषध असा आहे. जन्मतः पोटात गेलेले आयुष्यभर टिकते, हा समज त्या अर्थांतरातूनच दिसतो. महाराष्ट्रातील घरोघरची बाळघुटी मुरडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ, हळकुंड, सुंठ, अतिविष, ज्येष्ठमध, खारीक, बदाम इत्यादी जिन्नस सहाणेवर मोजके वेढे उगाळून करतात. यांतील जायफळ आणि वेखंड मेंदूवर परिणाम करणारी आहेत: जायफळातील मिरिस्टिसिन अधिक मात्रेत गुंगी आणते, तर वेखंडातील बीटा-ॲसरोन प्राण्यांत विषारी ठरल्याने वेखंडाचा खाद्यपदार्थांतील वापर अमेरिकेत १९६८ पासून वर्ज्य आहे. दोन वेढ्यांचे चार झाले की मात्रा दुप्पट होते आणि ती मोजण्याचे साधन घरात नसते. पूर्वी ग्राइप वॉटरमध्येही मद्यार्क असे; बाळ त्याने शांत होई यात नवल नाही. डोळ्यांत घालायच्या काही काजळ-सुरम्यांत शिसे आढळते, आणि शिशाला मेंदूच्या दृष्टीने कोणतीही सुरक्षित पातळी नाही.

काश्यपसंहितेत बाळाला सोने, मध आणि तूप चाटवण्याचा विधी सांगितला असून त्याने बालक मेधावी होते असे म्हटले आहे. ‘सुवर्णप्राशन’ या नावाने पुष्य नक्षत्राच्या दिवशी त्याची शिबिरे महाराष्ट्रात भरतात. बुद्धिवर्धनाचा दावा दीर्घ पाठपुरावा केलेल्या मोठ्या चाचण्यांनी सिद्ध झालेला नाही. एक वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, हा सल्ला मात्र ठाम आहे. मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे चेतांना लुळे पाडणारा बॉट्युलिझम हा रोग होऊ शकतो. पहिले सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये, ही सध्याची वैद्यकीय शिफारस आहे.

पाठपुरावा

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ मध्ये विशेष कक्षातून घरी गेलेल्या, २,००० ग्रॅमहून कमी वजनाच्या बाळांचा सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षापर्यंत माग ठेवला. त्यांचा बुद्ध्यंक सर्वसाधारण वजनाच्या मुलांपेक्षा काहीसा कमी, आणि अपुऱ्या दिवसांच्या व गर्भातच वाढ खुंटलेल्या मुलांचा सर्वांत कमी आढळला. लेखन आणि गणितातील अडचणी शाळेत गेल्यावरच उघड झाल्या. वर्गात ‘आळशी’ ठरवल्या गेलेल्या एखाद्या मुलाच्या मागे काचेच्या पेटीतले दीड महिने असू शकतात, हे शिक्षकांना सहसा ठाऊक नसते. अशा अभ्यासांत औषधाचा, आजाराचा, कमी दिवसांचा आणि घरच्या परिस्थितीचा वाटा वेगळा काढणे फार अवघड असते. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडलेल्या चाचण्याच लागतात.

पाश्चात्त्य देशांत सिद्ध झालेला उपचार येथे तसाच लागू पडेल असे नाही, याचे उदाहरणही मुंबईशी संबंधित आहे. जन्मताना गुदमरलेल्या बाळाचे शरीर ७२ तास थंड ठेवल्यास मेंदूची हानी घटते, असे श्रीमंत देशांतील चाचण्यांत दिसले होते. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील सात कक्षांत २०१५ ते २०१९ दरम्यान झालेल्या ४०८ बाळांच्या चाचणीत, जिच्यात शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाचा सहभाग होता, मृत्यू किंवा अपंगत्व यांत घट झाली नाही. उलट थंड ठेवलेल्या गटात ४२ टक्के आणि दुसऱ्या गटात ३१ टक्के बाळे दगावली. याच शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली होती. आईचे किंवा दात्या मातेचे दूध मिळालेल्या लहानग्यांत जंतुसंसर्ग कमी होतात आणि त्या प्रमाणात प्रतिजैविकांची गरजही घटते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे झाला. त्याअंतर्गत जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत नवजात कक्षातून सुटलेल्या बाळांची श्रवण, दृष्टी आणि विकासाची तपासणी करून घेता येते. श्रवणाची पहिली चाचणी एका महिन्याच्या आत, दोष आढळल्यास निदान तीन महिन्यांपर्यंत आणि श्रवणयंत्र वा अन्य उपचार सहा महिन्यांपर्यंत, असा क्रम पाळला जातो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची प्रगती पहिली दोन वर्षे जन्मतारखेवरून नव्हे, प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजलेल्या ‘दुरुस्त वया’वरून पाहतात. कोणते औषध किती दिवस दिले याची नोंद असलेले रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड या प्रत्येक तपासणीस सोबत न्यावे लागते.